जुन्या शिडाच्या बोटीच्या खिडक्या: तावदान, चौकट आणि मधली फट

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो. बोट सत्तरच्या दशकातली, फायबरग्लासची, शिडाची. केबिनच्या दोन्ही भिंतींत मिळून आठ खिडक्या. दोन लांबट, बाकीच्या छोट्या. चौकटी ॲल्युमिनियमच्या, तावदानं ॲक्रिलिकची. तावदानांत केसासारखे बारीक तडे पसरलेत, पावसात खालच्या कोपऱ्यातून पाणी उतरतं, आणि आधीच्या मालकानं प्रत्येक कडेवर सिलिकॉन थापून ठेवलंय. तुम्ही विचारता: नवं तावदान ॲक्रिलिकचं घ्यावं की पॉलिकार्बोनेटचं, चौकटी ठेवाव्यात की काढून टाकून तावदान थेट भिंतीला चिकटवावं, आणि सीलंट, म्हणजे फट बुजवायचं लुकण, कोणतं?

सीलंटचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण अशा खिडक्या वाईट सीलंटमुळे क्वचितच गळतात. तावदान आणि बोट उन्हात सारखी वाढत नाहीत आणि तो फरक पोटात घ्यायला मध्ये जागाच ठेवलेली नसते, हे गळतीचं नेहमीचं मूळ. आकडे बघा. १ मीटर लांबीचं ॲक्रिलिक तापमान १ अंश वाढलं की सुमारे ०.०७ मिमी वाढतं. पॉलिकार्बोनेट जवळपास तेवढंच. ॲल्युमिनियम ०.०२३ मिमी, फायबरग्लास साधारण त्याच्याच आसपास, आणि काच ०.००९ मिमी. तुमची लांबट खिडकी ८० सेंमीची धरली आणि पहाटेच्या गारव्यापासून भर उन्हापर्यंत ४० अंशांचा फरक धरला, तर तावदान सव्वादोन मिलिमीटर वाढतं आणि त्याखालची भिंत जेमतेम पाऊण-एक. म्हणजे प्रत्येक टोकाला ०.७ मिमीच्या आसपास ओढाताण. मधला सीलंटचा थर ३ मिमी जाड असेल तर हे त्याला सहज झेपतं. स्क्रू करकचून आवळून तो अर्ध्या मिलिमीटरवर आणला असेल, तर रोज स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त सरकायचं त्याच्या नशिबी येतं. कितीही महागडी नळी वापरा, एक-दोन उन्हाळ्यांत तो एका कडेनं सुटणारच. धुरकट किंवा काळपट रंगाचं तावदान ऊन शोषून आणखी तापतं, हेही लक्षात असू द्या.

याच आकड्यांवरून चौकटीचा निर्णय होतो. ॲल्युमिनियम आणि फायबरग्लास जवळपास सारखेच वाढतात, त्यामुळे चौकट आणि भिंत यांच्यामधल्या सांध्यावर फारसा ताण नसतो. सगळी हालचाल तावदान आणि चौकट यांच्यामध्ये होते, आणि तिथं बांधणाऱ्यानं रबर घातलेलं असतं, ज्यात तावदान मोकळेपणी सरकतं. ज्यानं ही खिडकी मुळात आखली, त्याला हे नेमकं ठाऊक होतं. एका खिडकीत दोन वेगळे सांधे, दोघांची कामं वेगळी, म्हणून सामानही वेगळं. चौकट शाबूत असेल तर ती ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे. बोटीचं रूपही त्यावर आहे. गोलसर कोपऱ्यांच्या बारीक चौकटी काढून त्या जागी काळ्या ॲक्रिलिकचे मोठे पट्टे चिकटवलेली जुनी बोट लांबूनही ओळखू येते, आणि कौतुकानं नव्हे.

चौकटी काढण्याआधी गळती खरंच खिडकीची आहे का, ते मात्र तपासा. पाणी जिथं टपकतं तिथूनच आत शिरलेलं असतं असं नाही. छतावरच्या दांडीच्या बोल्टमधून, डोलकाठीच्या तारा जिथं डेकमधून खाली जातात त्या पट्ट्यांजवळून किंवा कठड्याच्या खांबांच्या बुडातून शिरलेलं पाणी अस्तरामागून वाहत येतं आणि खिडकीच्या कोपऱ्यात दिसतं. आतलं अस्तर शक्य तेवढं उतरवा, खिडकीभोवती खडूची पूड लावा आणि बाहेरून पाण्याचा पाइप मंद धारेनं सोडा. सुरुवात खालच्या कडेपासून. पाच-दहा मिनिटं एकाच जागी, मग थोडं वर. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. दुसरा उपाय याहून नेमका आहे: केबिनची सगळी दारं-झाकणं बंद करून, फटींना टेप लावून, एका झडपेतून पंख्यानं किंवा ब्लोअरनं हवा आत भरा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फासा. जिथं फुगे येतात तिथं वाट आहे. दोघांनी मिळून हे काम तासाभरात होतं.

आता उतरवण्याचं काम. सुरुवात सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात कमी दिसणाऱ्या खिडकीपासून करा. या प्रकारच्या चौकटीत बहुधा आतलं कडं आणि बाहेरचं कडं भिंतीला दोन्हीकडून चिमटतात आणि आतले स्क्रू बाहेरच्या कड्यातल्या आंधळ्या, म्हणजे आरपार न गेलेल्या, भोकांत बसतात. स्क्रूंची लांबी सगळीकडे सारखी नसते, कारण हातानं थर देऊन बनवलेल्या भिंतीची जाडी जागोजागी दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त भरते. म्हणून पुठ्ठ्यावर चौकटीचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आंधळ्या भोकाचा तळ फुटून बाहेरच्या कड्यावर टेंगूळ येतं, आणि ते परत बसत नाही.

अडकलेले स्क्रू हा या कामातला सगळ्यात चिवट भाग. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये, वर खारं पाणी. दोन धातूंच्या या जोडीत ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी होते आणि ती फुगून स्क्रूला जखडते. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल घाला. दुसऱ्या दिवशी मोठ्या सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं धरा. उष्णता हवी तिथंच जाते. हीट गननं मात्र भिंतीवरचा जेलकोट, म्हणजे फायबरग्लासवरचा गुळगुळीत बाहेरचा थर, आणि आजूबाजूचं सगळं भाजतं. स्क्रूड्रायव्हर चपखल बसवा, त्याच्या मुठीवर हातोडीची एक ठोस चापट मारा आणि स्क्रू आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवून मग सोडा. तरीही डोकं घासलं गेलं तर भांडत बसू नका. स्क्रूच्या दांड्यापेक्षा जरा मोठं ड्रिल लावून डोकं उडवा, कडं निघाल्यावर उरलेला दांडा पक्कडीत येतो.

बाहेरचं कडं सीलंटनं चिकटलेलं असेल तिथं पहारीसारखं काही घालून उचकटायचं नाही. ॲल्युमिनियमची बारीक चौकट एकदा वाकली की ती सुरकुती कधीच पूर्ण जात नाही, आणि त्या जुन्या घडणीची पट्टी आता मिळणं अवघड. पातळ लवचीक पातं किंवा बारीक पोलादी तार सांध्यात घालून सगळीकडून थोडंथोडं कापत जा. मागोमाग लाकडी पाचरी सरकवत राहा, एकाच जागी जोर नको. चौकट निघाल्यावर तिच्या आतल्या बाजूला खिडकीचं स्थान, वरची दिशा आणि नाळेकडची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडची, दिशा लिहा. डावीकडची तिसरी आणि उजवीकडची तिसरी या एकमेकींचं प्रतिबिंब असतील, ही समजूत जुन्या बोटींच्या बाबतीत फसवी ठरते.

चौकट धुऊन नीट पाहा. वरवरचे पांढरे डाग चालतात. खोल खड्डे, स्क्रूच्या भोकांभोवतीच्या चिरा, किंवा खालच्या मध्यावर जिथं चौकटीची दोन टोकं जोडलेली असतात तिथला ढिला जोड, हे बघायचं असतं. जोड ढिला असेल तर तावदान कितीही नीट बसवलं तरी पाणी तिथून येईल. खालच्या पट्टीत पाणी निचरायची बारीक भोकं असतील तर ती दाभणानं मोकळी करा. तुमच्या आधीच्या मालकानं सिलिकॉन थापताना ती बुजवली असण्याची दाट शक्यता आहे, आणि गळतीचं निम्मं कारण तेच निघू शकतं: खोबणीत शिरलेल्या पाण्याला बाहेर जायची वाट राहिली नाही, म्हणून ते आत उतरलं. चौकटी पुन्हा ॲनोडाइझ करून, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं वर संरक्षक थर चढवून, घेतल्या तर उत्तम. पावडर कोटिंग दिसायला छान, पण स्क्रूच्या भोकापाशी टवका उडाला की गंज त्याखालून पसरत जातो.

चौकट निघाल्यावर भिंतीची कापलेली कड उघडी पडते, आणि इथं घाई करू नये. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवुडचा गाभा आहे का, ते बघा. असेल आणि खिडकी वर्षानुवर्षं गळत असेल तर तो ओला असणारच. भिंतीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथं गाभा कुजलाय किंवा थर सुटलेत. कडेपासून १० ते १५ मिमी आतपर्यंत गाभा पटाशीनं किंवा वाकवलेल्या खिळ्यानं कोरून काढा. उरलेला पूर्ण वाळू द्या. यात दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत. मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी भरा. याचे फायदे दोन: पुढं कधी सांधा सुटला तरी पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि चौकटीची पकड आवळताना भिंत चिरडत नाही. भिंत कुठं पातळ, कुठं जाड असेल तर त्याच वेळी इपॉक्सीनं ती सारखी करून घ्या. कड इतकी ओली निघाली की गाभा हातभर आतपर्यंत लगदा झालाय, तर मग प्रश्न खिडकीचा राहत नाही. भिंत आधी, खिडकी नंतर.

जुनं सिलिकॉन काढणं कंटाळवाणं, पण त्यावाचून पुढं काही चिकटणार नाही, रंगसुद्धा नाही. आधी कोरड्या पात्यानं खरवडा, मग सिलिकॉन काढायचं द्रावण, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर. सुरुवातीलाच पेपर मारला तर सिलिकॉन सगळीकडे चोळलं जातं. झालं की नाही ते बघायला जागेवर थोडं पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर पृष्ठभाग स्वच्छ; थेंब गोळा होऊन सुटे झाले तर अजून सिलिकॉन उरलंय.

आता तावदान. ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट, यावर लोक हमरीतुमरीवर येतात, म्हणून कारणासकट सांगतो. पॉलिकार्बोनेट हातोड्यानंही सहज फुटत नाही, हे खरं. पण ते ॲक्रिलिकपेक्षा लवचीक आहे. ताठरपणात ॲक्रिलिक ३.२ गिगापास्कलच्या आसपास, पॉलिकार्बोनेट सुमारे २.३. मोठी लाट आदळली की पॉलिकार्बोनेटचं तावदान फुटण्याऐवजी वाकतं आणि रबरी खोबणीतून अख्खं निसटून आत येऊ शकतं. शिवाय ते चटकन ओरखडतं, आणि अतिनील किरणांपासून जपणारा लेप नसेल तर पिवळं पडतं. तुमच्यासारख्या चौकटीत बसणाऱ्या केबिनच्या खिडक्यांना मी ॲक्रिलिकच घेईन, आणि तेही कास्ट, म्हणजे साच्यात ओतून बनवलेलं. एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेलं ॲक्रिलिक स्वस्त पडतं, पण त्यात अंगचाच ताण असतो आणि तडे लवकर येतात. तुमच्या जुन्या तावदानांतले तडे ऊन, ताण आणि चुकीच्या द्रावणांनी झालेले आहेत. ते खोलवर असतात, पॉलिश करून जात नाहीत, आणि तसं तावदान निम्म्या ताकदीचंही राहिलंय असं धरून चालू नका.

जाडी ठरवताना जुन्या तावदानाचा एक पेच असतो. जुनी चौकट पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी तावदानासाठी बनलेली असेल आणि तुम्ही ६ मिमीचा पत्रा घेतलात, तर रबर सैल पडतं. त्यात कास्ट पत्र्याची जाडी छापील आकड्यापेक्षा अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी-जास्त असणं अगदी नेहमीचं. आधी पत्रा घ्या, तो कॅलिपरनं मोजा, खोबण मोजा, आणि मगच रबर मागवा. उलट क्रमानं गेलं की सगळं पुन्हा मागवावं लागतं.

आणि हो, जाडी वाढवायची संधी असेल तर वाढवा. त्याच मापाचं तावदान ६ ऐवजी १० मिमी केलं तर ते जवळजवळ पावणेतीन पट भार पेलतं आणि साडेचार पट कमी वाकतं. लांबट खिडकी ८० बाय २५ सेंमी धरली, तर तिच्यावर नुसतं १ मीटर पाणी उभं राहिलं तरी २०० किलोंचा भार येतो. फुटणारी लाट याहून किती तरी जास्त जोरानं येते. बरेचदा लाट ज्या बाजूनं येते ती बाजू तगते आणि वाऱ्याआडची बाजू फुटते, कारण बोट लाटेवरून घसरून त्या अंगावर पाण्यावर आदळते. लहान नौकांच्या खिडक्यांच्या ताकदीसाठी आयएसओ १२२१६ हे मानक आहे. त्यात खिडकीचं स्थान, तिचा आकार आणि बोट कुठल्या पाण्यात जाणार यावरून जाडी ठरते. दूर समुद्रात जायचा बेत असेल तर अंदाजानं न जाता त्यातून गणित करून घ्या. लांबट दोन खिडक्यांसाठी बाहेरून बोल्टनं बसणारी पॉलिकार्बोनेटची किंवा प्लायवुडची वादळी झाकणंही बनवून ठेवा. खिडकी मोठी करायचा विचार मात्र डोक्यातून काढा. जुन्या बोटीच्या भिंतीत भोकं वाढवली की भिंतच लुळी पडते.

कापण्यासाठी जुनं तावदान नमुना म्हणून वापरायचं असेल तर आधी ते खोबणीत परत ठेवून पाहा. पूर्वी कुणीतरी कानस मारून लहान केलेलं असू शकतं. पातळ हार्डबोर्डचा नमुना करून तो प्रत्येक चौकटीत बसवून बघणं मला जास्त खात्रीचं वाटतं. तावदान खोबणीच्या तळापेक्षा चारही बाजूंनी २ मिमी तरी लहान हवं. थंडीच्या दिवसांत बसवत असाल तर त्याहून थोडं जास्त, कारण पुढं ते वाढायचंच आहे. वरचा संरक्षक कागद शेवटपर्यंत राहू द्या, पण कागदासकट पत्रा उन्हात ठेवू नका. तो भाजून चिकटला की निघत नाही. जिगसॉनं कापताना वेग कमी ठेवा, नाहीतर मागून ॲक्रिलिक वितळून पुन्हा जुळतं. नमुन्याला टेकवून राउटरनं कापलं तर कड सर्वांत स्वच्छ येते. मग कड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा. ज्योतीनं कड चमकवायचा मोह टाळा. त्यानं कडेत ताण राहतो आणि पुढं तिथूनच तडे सुरू होतात.

केबिनच्या भिंतीला बाक असेल तर सपाट तावदान किती वाकवता येतं, यालाही मर्यादा आहे. कास्ट ॲक्रिलिक थंड वाकवायचं तर बाकाची त्रिज्या जाडीच्या २०० पट तरी हवी. ६ मिमीला १.२ मीटर. त्याहून तीव्र बाक असेल तर भट्टीत गरम करून साच्यावर वाकवून घ्या. जोर लावून, स्क्रूंनी ओढून बसवलेलं तावदान आज बसतं आणि पुढच्या हंगामात तडकतं.

तुमच्या चौकटीत तावदानाला भोकं पाडायची गरज नाही. ज्यांना पाडावी लागतात त्यांच्यासाठी एवढंच: धातूचं नेहमीचं ड्रिल ॲक्रिलिकमध्ये घुसून हिसका देतं आणि तुकडा उडतो, म्हणून त्याची धार दगडावर घासून बोथट करा, खाली लाकूड घट्ट धरा, वेग मंद ठेवा. ५ मिमीच्या स्क्रूला ७ मिमीचं भोक, कडेपासून भोकाच्या दुप्पट अंतर तरी हवं, आणि चपटं बसणारं निमुळत्या डोक्याचं स्क्रू अजिबात नको. ते पाचरीसारखं तावदान फाडतं.

सीलंटकडे आता येऊ, कारण आता ते सोपं आहे. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबराची पट्टी. ती कधी वाळत नाही, मऊ राहते, आणि पुढं चौकट काढायची वेळ आली तर त्रास देत नाही. ती गोंद नाही, दाबूनच काम करते, म्हणून स्क्रू असलेल्या चौकटीलाच योग्य. पॉलिसल्फाइड हे रबरासारखं सीलंटही या जागी चांगलं, पण ते ॲक्रिलिकला किंवा पॉलिकार्बोनेटला लागता कामा नये. प्लास्टिक त्यानं खराब होतं. तावदान आणि चौकट यांच्यामध्ये मुळात होतं तसं रबर. ते ओढून बसवू नका, उलट किंचित दाबत जा, कारण रबर वर्षागणिक आखडतं आणि ओढलेलं असेल तर जोडापाशी फट पडते. जोड वरच्या कडेला ठेवा, खाली पाणी साचतं. तुमच्या मापाचं रबर मिळालंच नाही तर न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल धातूला सोसत नाही.

पॉलियुरेथेनच्या जबरदस्त चिकट नळ्या इथं नकोत. चौकट पुन्हा काढताना जेलकोटही सोबत येतो, आणि पारदर्शक तावदानातून येणारं ऊन त्या चिकटण्याच्या पातळीवरच घाव घालतं. सिकाफ्लेक्स २९५ यूव्ही हे मुद्दाम प्लास्टिकच्या खिडक्यांसाठी केलेलं आहे, पण तेही ठरलेल्या प्रायमरसकट वापरायचं असतं.

चौकट बसवताना आधी सगळं कोरडंच जुळवून बघा. स्टेनलेस स्क्रूंना टेफ-जेलसारखी धातू वेगळे ठेवणारी पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी वरचा सगळा स्क्रूंचा खटाटोप वाचेल. टेप चौकटीच्या बाहेरच्या काठाला, स्क्रूंच्या बाहेरून, सलग फिरवा. स्क्रू हातानंच, समोरासमोरच्या जोड्यांत, थोडेथोडे आवळा. चारी बाजूंनी टेप बारीक बाहेर आली की थांबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ब्यूटाइल हळूहळू सरकतं, एका दमात आवळलं तर चौकट मध्येच फुगते. आरपार बोल्ट असतील तर बोल्टचं डोकं स्थिर धरून नट फिरवा. बोल्ट फिरला की त्याच्याभोवतीचं सील पिळवटतं. काम सावलीत आणि मध्यम तापमानाला करा, म्हणजे तावदानाला पुढं वाढायला आणि आकसायला दोन्हीकडे वाव राहतो.

चौकट खरोखरच गेली असेल आणि थेट चिकटवण्यावाचून इलाज नसेल, तर तो मार्गही पक्का आहे, पण शिस्तीचा. तावदान भिंतीवर चारी बाजूंनी २५ ते ३० मिमी तरी चढायला हवं. सीलंटची जाडी ३ मिमी राहील असे रबराचे छोटे ठोकळे मध्ये ठेवा, किंवा व्हीएचबीसारखी फोमची दुतर्फा टेप आतून फिरवा आणि बाहेरच्या खोबणीत डाउसिल ७९५ सारखं इमारतींच्या काचभिंतींना वापरतात ते न्यूट्रल सिलिकॉन भरा. तावदानाच्या कडेला आतून काळा पट्टा असू द्या, ऊन सांध्यावर पडायला नको. यात स्क्रू घातलेच तर सैल भोकांतून.

लाकडी केबिनच्या बोटीवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथं काच लाकडाच्या खाचेत आणि वर लाकडी पट्टी किंवा ब्राँझचं कडं, अशी रचना असते. तेलाची लांबी (पुट्टी) कडक होऊन भेगाळते, तिच्याऐवजी पॉलिसल्फाइड चालतं; काच आणि लाकूड दोन्हीला ते मानवतं, फक्त सागवान तेलकट असल्यानं आधी प्रायमर लावा. खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला उतार हवाच. काच धातूला कुठंही थेट टेकू देऊ नका, मध्ये रबराचे तुकडे ठेवा. टफन्ड काच कापता येत नाही, नमुना देऊन मापाची करून घ्यावी लागते. लॅमिनेटेड काचेची कड पाण्यात राहिली की दुधाळ होत जाते. पितळी स्क्रू गुलाबीसर दिसायला लागले असतील तर त्यातलं जस्त निघून गेलंय, ते बदला.

पुसायला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं. ॲसिटोन, थिनर, अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर ॲक्रिलिकजवळ नकोत, आणि डीईईटी असलेलं डास पळवायचं मलम लागलेल्या हातांनीही तावदान धरू नका. त्याचे ठसे कायमचे उमटतात. बोट उभी असताना बाहेरून कापडी झाकणं घातली तर तावदानाचं आयुष्य बरंच वाढतं. सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन वापरलं असेल तर ते पहिल्या दिवसात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर आत पक्कं होतं. आठवडाभर थांबा, मग पाइपची धार सोडा. पुन्हा खालच्या कडेपासून.